फुजीच्या पायथ्याचं एक घर

फेब्रुवारीत पेपर चाळताना फुजियोशिदाचं नाव दिसलं आणि माझं बोट तिथेच थांबलं. जपानमधल्या या शहराने २०२६ चा साकुरा महोत्सव रद्द केला होता. चेरीची झाडं फुलायची ती फुलणारच, पण शहराने आपणहून कोणाला बोलवायचं नाही असं ठरवलं. कारणं वाचत गेले. पर्यटक न विचारता लोकांच्या घरांची दारं उघडून संडास वापरतात. काही जण अंगणातच शौचाला बसतात, आणि हटकलं तर घरमालकाशीच हुज्जत घालतात. शाळेत जाणाऱ्या मुलांना फुटपाथवर गर्दीची ढकलाढकल सोसावी लागते. शहराची वस्ती पन्नास हजारांच्या आत, आणि फुलांच्या दिवसांत पाहुणे रोज दहा हजारांवर.

२०२५ च्या एप्रिलमध्ये त्या दहा हजारांत आम्ही सहा जण होतो. मी, नवरा, दीर-जाऊ, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. बातमी वाचून मला तिथलं एक घर आठवलं. त्याच्याकडे येते, पण आधी क्योतोबद्दल सांगायला हवं, कारण डोळे तिथे उघडायला लागले.

ओसाकाला उतरून आम्ही क्योतोला गेलो होतो. पहिल्याच सकाळी २०६ नंबरच्या बसच्या रांगेत उभे राहिलो. बस आली ती आधीच भरलेली. आमच्या पुढच्या सात-आठ जणांकडे मोठमोठ्या सुटकेसा होत्या. त्या सगळ्या आत गेल्या आणि मागचं दार अडलं. आमच्या मागे एक आजीबाई होत्या, हातात भाजीची चाकांची पिशवी. आम्ही त्यांना पुढे व्हा म्हणून खूण केली, पण पाऊल ठेवायला जागाच नव्हती. बस निघून गेली. आजीबाई काही बोलल्या नाहीत, सुस्कारासुद्धा नाही. घड्याळ पाहिलं आणि पुन्हा सरळ उभ्या राहिल्या. ही त्यांची रोजची बस होती, आणि आमची एका दिवसाची.

शहराने उपाय केले नाहीत असं नाही. पर्यटकांना स्वस्त पडणारा बसचा दिवसभराचा पास बंद केला. २०२४ च्या जूनपासून शनिवार-रविवारी पर्यटकांसाठी वेगळी जलद बस सुरू केली, साध्या बसला २३० येन तर तिला ५००. पण सगळ्या जपानमध्ये मिळून २०२४ साली ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी आले. येन घसरलेला, त्यामुळे आमच्यासारख्यांनाही जपान परवडू लागलेलं. सरकारला २०३० पर्यंत हा आकडा ६ कोटींवर न्यायचा आहे. बसस्टॉपवरच्या त्या आजीबाईंना हे कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

संध्याकाळी गिओनला गेलो. लाकडी घरांच्या रांगा, दारावर कंदील, मधून अरुंद बोळ. बोळांच्या तोंडाशी पाट्या: हा खासगी रस्ता आहे, आत शिरलात तर १०,००० येन दंड. म्हणजे आपले साधारण सहा हजार रुपये. जाऊबाईंना ते जरा लागलं, "एवढे पैसे खर्चून आलो तर हे असं?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. तेवढ्यात एका दारातून एक मैको बाहेर पडली. मैको म्हणजे गेईको (क्योतोतली गेशा) होण्यासाठी शिकणारी मुलगी, वय जेमतेम सतरा-अठरा. ती कामावर निघाली होती. पाच-सहा सेकंदांत वीस-पंचवीस फोन वर झाले. एक माणूस तिच्या पुढ्यात उलटा चालत व्हिडिओ घेत होता. ती मान खाली घालून, त्या उंच खडावांवर जमेल तेवढं भरभर चालत होती. माझ्या हातातही फोन होता. मी फोटो काढला. पाठमोरा, पण काढला. पुढच्या वळणावर ती दिसेनाशी झाली तेव्हा मनात आलं, ठाण्यात माझी भाची कॉलेजला निघाली आणि वीस परके पुरुष असे तिच्या मागे लागले, तर आम्ही पोलिसांत गेलो असतो. रात्री खोलीवर आल्यावर तो फोटो मी पुसून टाकला. दंडाच्या त्या पाटीबद्दल आता माझी काही तक्रार नाही.

आराशियामाच्या बांबूंच्या वनात हिरव्या कांड्यांवर नावं कोरलेली पाहिली, बदाम आणि तारखांसकट. आपल्या गडांच्या भिंती पाहिलेल्या माणसाला त्यात नवीन काही नाही. पण बांबूवर केलेली जखम भरून येत नाही, आणि अशी खूप चरे पडलेली काठी पुढे तोडावी लागू शकते.

तिथून फुजीकडे. कावागुचिको स्टेशनजवळ लॉसनचं एक दुकान आहे, आपल्याकडे कोपऱ्यावर किराण्याचं असतं तसं तिथलं कोन्बिनी. त्याच्या निळ्या पाटीमागे फुजी असा उभा दिसतो की जणू छपरावरच बसलाय. हा फोटो जगभर गेला. लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहू लागले, समोरच्या दातांच्या दवाखान्याच्या आवारात गाड्या लावू लागले, छपरावरही चढले. विनवण्या झाल्या, पाट्या झाल्या, आणि शेवटी २०२४ च्या मे महिन्यात गावाने अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळा जाळीदार पडदा लावला. थोड्याच दिवसांत त्याला कॅमेऱ्याच्या भिंगाएवढी भोकं पडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या तोंडावर पडदा उतरवला, तो पुन्हा लावला नाही. आम्ही गेलो तेव्हा फक्त फुजी होता आणि रस्ता ओलांडणाऱ्यांना हाताने थोपवणारा एक म्हातारा रखवालदार. दिवसभरात शेकडो वेळा तो वाकून "सुमिमासेन" म्हणत असेल. माफी त्याने मागायची!

जपानीत यासाठी एक शब्द आहे, कान्को-कोगाई. कोगाई म्हणजे कारखान्यांच्या सांडपाण्याने, धुराने होतं ते प्रदूषण. पर्यटन त्याच शब्दाला जोडलंय. तोक्योत निशी-कासाईला आमचा एक मित्र बारा वर्षं राहतो, तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. शब्द त्यानेच सांगितला. पुढे म्हणाला, "तुम्ही आठ दिवसांनी परत जाता गं. ट्रेनमध्ये स्पीकरवर व्हिडिओ कॉल करणारा कोण, आणि इथे कर भरून राहणारा कोण, हे शेजाऱ्याला चेहऱ्यावरून कसं कळणार?" त्यानंतर तीन महिन्यांनी, जुलै २०२५ च्या निवडणुकीत, परदेशी लोक हा तिथे प्रचाराचा मुद्दा झाला. त्याचं बोलणं तेव्हा मला नीट समजलं.

माझं माहेर श्रीवर्धनजवळचं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाडीच्या तोंडाशी गाड्या लागतात, मग काकांना स्वतःच्याच घरी जायला हॉर्न वाजवावा लागतो. पुळणीत फुटलेल्या बाटल्या सापडतात. काका चिडतात आणि आम्ही त्यांची बाजू घेतो. त्या वाडीतली मुलगी मी, आणि परदेशात गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार येतो तो फोटोचा. हे मला फार टोचलं.

आता ते घर.

फुजियोशिदातल्या शिमोयोशिदा स्टेशनवरून चुरेइतो पॅगोडाकडे जाताना आधी साधी वस्ती लागते. दोरीवर वाळत घातलेले कपडे, कुंड्या, एखादी सायकल. मग ३९८ पायऱ्या. वरून पाच मजली लाल पॅगोडा, चेरी आणि फुजी एका चौकटीत मिळतात, आणि त्या चौकटीसाठी गच्चीवर जायला लांबलचक रांग. तो पॅगोडा या शहरातल्या, युद्धात गेलेल्या माणसांचं स्मारक आहे. १९६३ मध्ये बांधलेला. रांगेत हे कोणाच्या बोलण्यात आलं नाही, आमच्याही नाही. मी परत आल्यावर वाचलं.

आम्ही अजून खाली वस्तीतच होतो तेव्हा पुतण्याने पोट धरलं. सार्वजनिक संडासापुढे चाळीसेक माणसं. पोरगं रडकुंडीला आलेलं. जाऊबाई म्हणाल्या, "एखाद्या घरी विचारते." दीर नको म्हणत होते. मीच पुढे झाले आणि एका फाटकाची घंटा वाजवली. सत्तरीच्या एका बाईंनी दार उघडलं. मी मुलाकडे बोट केलं आणि म्हटलं, "सुमिमासेन, तोइरे." त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आमच्या मागच्या रस्त्याकडे. मग बाजूला सरकल्या. "दोझो."

बूट उंबऱ्याशी काढले. संडासाच्या वेगळ्या चपला त्यांनी पोरासाठी वळवून ठेवल्या. दारातच चिनी, इंग्रजी, कोरियन अशा तीन भाषांत हाताने लिहिलेला कागद डकवलेला होता. तेव्हा माझं त्याच्याकडे लक्ष गेलं, पण मी तो वाचायला थांबले नाही. त्यांना देण्यासाठी पर्समधली राजगिऱ्याच्या लाडवांची पुडी काढली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि कमरेत वाकल्या. सासूबाईंनी हात जोडले.

बाहेर पडायला वळलो तर आम्ही काढलेले बूट फिरवून, दाराकडे तोंड करून, जोडीजोडीने लावलेले होते. पोराच्या बुटांचा चिखल पुसलेला होता. बाई आमच्या मागून फाटकापर्यंत आल्या. मला वाटलं, निरोप द्यायला. फाटकाबाहेर आणखी चौघं उभी होती. त्यांनी आम्हाला आतून येताना पाहिलं होतं.