संध्याकाळचा सूर

मी लातूरला पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. सत्तावीस वर्षं झाली या कामाला, भजनी मंडळांच्या पेट्या जास्त येतात, शाळांच्या थोड्या. गेल्या सप्टेंबरात १५ तारखेला रात्री अंबाजोगाईच्या एका शाळेतून संगीताच्या सरांचा फोन आला, उद्या संध्याकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या रात्रीचा कार्यक्रम आहे, अडतीस पोरांचा वाद्यवृंद आहे आणि चारही पेट्या बासऱ्यांच्या खाली बोलायल्यात, सकाळीच या.

कार्यक्रम १७ सप्टेंबरसाठीचा म्हटल्यावर मी नाही म्हणूच शकत नव्हतो. १९४८ ला याच तारखेला निजाम शरण आला आणि आपण मोकळे झालो, आणि अंबाजोगाई तर स्वामी रामानंद तीर्थांनी जिथं शिक्षक म्हणून पोरं शिकवली ते गाव, तेव्हा त्याचं नाव मोमिनाबाद होतं. माझे आजोबा रझाकारांच्या आठवणी सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा, ते आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही.

आठ वाजता पोचलो. पत्र्याच्या शेडमध्ये तालीम होती, पाऊस आठ दिवस गायब होता आणि दहा वाजताच शेड तापलं. सरांनी बासरीवाल्या पोराला पांढरी सहा, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, वाजवायला लावली, सूर मोजणाऱ्या मोबाईलच्या ट्युनरवर आकडा आला ४४६, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. पेटीची तीच पट्टी ४४०. दोन्ही सोबत वाजवलं की सेकंदाला सहा लहरी, स्वच्छ मोजता येत होत्या, वॉव वॉव वॉव असं. मी म्हणालो सर काळजी करू नका, पेट्या वर घेतो.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पेटीचा सूर रीड खरडून जुळवतात. रीड म्हणजे आतली थरथरणारी पितळेची जीभ, तिचं मोकळं टोक खरडलं की सूर चढतो, रिव्हेटजवळचं मूळ खरडलं की उतरतो. एका पेटीत ४२ पट्ट्या, खर्ज म्हणजे खालच्या सुराची आणि नर म्हणजे मधल्या सुराची अशा दोन लाईन धरल्या तर ८४ रीड. सगळं एका दिवसात होणं शक्य नव्हतं म्हणून पोरं वाजवतात तेवढं मधलं दीड सप्तक धरलं, एका पेटीला ३६ रीड. पहिली पेटी जुनी जर्मन रीडची होती, गावातल्या कुणीतरी शाळेला दिलेली, असा आवाज आता नव्या पेट्यांत मिळत नाही. ती साडेअकराला झाली. दुसरी एक वाजेपर्यंत जवळपास होत आली.

तेवढ्यात ती आली. अकरावीतली पोरगी, कॉलेजची सॅक पाठीवर, सगळी पोरं तिला ताई म्हणत होती. मला वाटलं सरांची विद्यार्थिनी असेल, तर सर म्हणाले हीच आमची कंडक्टर, म्हणजे पुढं उभं राहून हातानं वाद्यवृंद चालवणारी, मी फक्त शिकवतो, उभी ती राहते. तिनं पहिली पेटी उघडली, पांढरी सहा दाबली आणि हात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं.

"काका, वर घेतलीत का?"

मी म्हणालो हो बेटा, बासरीला जुळवली.

"पण काका, बासऱ्या आत्ता उन्हानं चढल्यात. रात्री मैदानावर उतरतील की ओ."

मला राग आला. खरं सांगतो, आला. सत्तावीस वर्षं एका बाजूला आणि ही सतरा वर्षांची पोर. हवा तापली की बासरी चढते हे मलाही माहीत होतं, पण मी आयुष्यभर भजनी मंडळांच्या पेट्या केल्या, तिथं पेटी सगळ्यांची मालक, बाकीचे तिला जुळवून घेतात, त्यामुळं बासरीला पेटी जुळवायची वेळ कधी आलीच नव्हती. मी म्हणालो एवढा फरक पडत नाही. ती वाद घालत बसली नाही. तिनं एका पोराला पेटी उचलायला सांगितली, दुसऱ्याला बासरी, आणि आम्हाला घेऊन गेली कॉम्प्युटर लॅबमध्ये, कारण शाळेत एसी तेवढ्याच खोलीत. २४ वर लावला. वीस मिनिटं आम्ही सगळे गप्प बसलो, तिनं तेवढ्यात डबा खाल्ला, मलाही अर्धी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी दिली.

मग पोरानं बासरी फुंकली. ४४१.

माझी वर घेतलेली पेटी त्याच्या शेजारी वाजली आणि लहरी पुन्हा आल्या, या वेळी उलट्या बाजूनं. मी त्या खोलीत कितीतरी वेळ काही बोललोच नाही. ती म्हणाली, काका, आपल्या वाद्यवृंदातल्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला ऊन लागत नाही, सगळ्यांना त्याच्या ४४० वर आणू, बासऱ्या मी सांभाळते.

मग मी जे वर घेतलं होतं ते खाली आणायला बसलो, म्हणजे तोच रीड आता मुळाशी खरडायचा, दोन्हीकडून पातळ करायचा. चार तास मान वर केली नाही. जर्मन पेटीचा एक रीड, पांढरी पाचचा नर, मुळाशी तुटला. तो आवाज मी विसरणार नाही, बारीकसा टक् झाला फक्त. माझ्याकडं गुजरातेतल्या पालिताण्याचे रीड होते, एक बसवला, जुळवला, सुरात आला पण जात वेगळी, जरा कर्कश. सरांना सांगितलं, पैसे घेणार नाही म्हणालो, ते घ्या घ्या करत होते, नाही घेतले.

मधे मी तिला विचारलं हे कुठं शिकलीस. म्हणाली व्हेनेझुएलात १९७५ पासून गरीब पोरांना वाद्यं देऊन ऑर्केस्ट्रा उभे केलेत, तिथला गुस्ताव्हो दुदामेल १९९९ ला अठराव्या वर्षी तरुणांच्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर झाला, त्याचे तालमीचे व्हिडिओ ती बघते. पुढं म्हणाली, "तो हात कमी हलवतो आणि ऐकतो जास्त, मी ते बघायले." उरलेलं तिनं स्वतः शोधलं होतं, एसीची युक्ती सुद्धा.

रात्री आठला मैदानावर वारं सुटलं होतं, अंग शहारलं. पडद्यामागं तिनं बासरीवाल्या सातही पोरांना छिद्रं झाकून नुसती गरम हवा फुंकत बसवलं होतं, सूर न काढता. मग कीबोर्डवरून पांढरी सहा, आधी पेट्या, मग बासऱ्या, शेवटी तीन व्हायोलिन. मी पेट्यांच्या मागं उभा होतो, कान लावून. लहर नव्हती. ढोलकीवाल्या पोराची शाईची, म्हणजे काळ्या ठिपक्याची, बाजू दमटपणानं सुरातून उतरली होती, तिनं त्याच्याकडं बघून फक्त बोट वर केलं, त्यानं हातोडी घेतली.

पहिलं गीत केहरवा तालात होतं, पोरं घाईला आली की ती हात मोठे करायची नाही, उलट लहान करायची, आणि अडतीस जण तिच्याकडं बघण्यासाठी आपोआप सावकाश व्हायचे. दुसरी धून संथ होती. त्यात एका जागी जर्मन पेटीला एकटीला पांढरी पाचवर थांबायचं होतं, तालमीत मी ते ऐकलं होतं आणि माझ्या पोटात गोळा आला होता, कारण तो कर्कश रीड तिथंच. त्या नव्या रीडबद्दल मी तिला काही बोललो नव्हतो आणि सरांनीही सांगितलं नव्हतं.

ती जागा आली. तिनं डावा तळहात त्या पोरासमोर खाली केला, त्यानं बोट उचललं, आणि उजव्या हातानं तिनं तो पंचम शेजारच्या पेटीवाल्या मुलीकडं दिला.

मैदानात कुणाच्या लक्षात आलं नाही.

कार्यक्रम झाल्यावर ती माझ्याकडं आली, म्हणाली काका, त्या पट्टीला जुना रीड मिळंल का कुठं? मी हो म्हणालो. मुंबईपर्यंत फोन करून झालेत, मिरजेला एकाकडं जुनी फुटकी जर्मन पेटी आहे म्हणतात, येत्या रविवारी निघायलो.