गडग्यापलीकडचा स्पीकर: तक्रारीपासून मनाई हुकमापर्यंत

शेजारी मोठ्याने गाणी लावतो ही एक गोष्ट, आणि तुम्हाला त्रास व्हावा म्हणूनच लावतो ही दुसरी. दिवाणी न्यायालयात या दोन्हींना सारखं वजन नसतं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या वाडीत जमिनीच्या जुन्या वादानंतर पलीकडच्या खळ्यात (अंगणात), गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला टेकवून, आमच्या पडवीकडे तोंड करून स्पीकर आला. तिथून मनाई हुकमापर्यंत मी गेलो. त्या वाटेवर काय उपयोगी पडलं आणि काय फुकट गेलं, एवढंच इथे सांगतो.

बहुतेक जण मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप उतरवून सुरुवात करतात. माझं मत असं की आधी घड्याळ बघावं. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक, ॲम्प्लिफायर किंवा वाद्य उघड्यावर वाजवायला बंदी आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या लोकांपुरतं ते चालतं, खळ्यात नाही. या बंदीला डेसिबल लागत नाहीत, आणि वाडी निवासी क्षेत्रात मोडते की नाही हा वादही लागत नाही. म्हणून तक्रारीत पहिलं वाक्य ‘रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक सुरू’ असं हवं. ‘असह्य गोंगाट’ वगैरे नंतर. पोलिसांना दुसरा प्रश्न विचारायचा तो परवान्याचा. ध्वनिवर्धक लावायला सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, दिवसासुद्धा. ती दाखवा म्हटलं की समोरच्याकडे बहुधा काहीच नसतं.

दिवसाच्या आवाजाचं गणित मात्र आकड्यांवर चालतं. निवासी क्षेत्रात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये, म्हणजे दिवसा गडग्यावर ६०. पण नियम ७ खाली तक्रार करायची तर आवाज मर्यादेपेक्षा १० किंवा अधिक डेसिबलने जास्त हवा, म्हणजे ६५. किंवा रात्रीच्या निर्बंधाचा भंग हवा. गडग्यावर ६२ भरले तर नियम मोडलेला असतो, तरी पोलीस ठाण्यात ‘बसत नाही’ असं ऐकायला मिळतं, ते याच फटीमुळे.

मोजण्यातही गोची आहे. ही मर्यादा ‘ए’ वजनाच्या डेसिबलमध्ये आहे, आणि हे वजन खालच्या सुरांना फार कमी धरतं: १२५ हर्ट्झला साधारण १६ डेसिबल वजा, ६३ हर्ट्झला २६. खिडकीची तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं, आणि मीटर सभ्य आकडा दाखवतो. त्यामुळे बासचा त्रास असेल तर केवळ आकड्यावर विसंबू नये. थरथरणाऱ्या तावदानाचं चित्रीकरण करावं. शिवाय कोकणात पार्श्वभूमीचा आवाज कमी नसतो. पावसात पत्र्यावरचा मारा, बेडकं, रातकिडे आणि उधाणाची गाज हे सगळं मीटरमध्ये शिरतं. स्पीकर बंद असतानाचं मोजमाप आणि सुरू असतानाचं मोजमाप यांत ३ डेसिबलहून कमी फरक असेल तर ते वाचन टाकून द्यावं. १० किंवा जास्त फरक असेल तर कुणी बोट ठेवू शकत नाही. मीटर भिंतीपासून दूर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर धरावा, वाऱ्यासाठी माइकला स्पंजचं टोपरं घालावं. मोबाइलचं ॲप प्रमाणित नसतं. त्याचा उपयोग आवाज केव्हा वाढला केव्हा उतरला हे दाखवण्यापुरता. अधिकृत मोजणी पोलिसांकडून किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून व्हावी म्हणून लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच हाच पुढे पुरावा होतो, मोजायला कोणी आलं नाही तरी.

आता मुद्दाम केल्याचं. इंग्लंडमध्ये १८९३ साली ख्रिस्ती विरुद्ध डेव्ही या खटल्यात संगीत शिकवणाऱ्या शेजाऱ्यांना छळायला एक गृहस्थ भिंतीवर ट्रे आपटायचे, शिट्ट्या मारायचे. हेतू छळण्याचा आहे म्हणून न्यायालयाने मनाई दिली. आपल्याकडचा खाजगी उपद्रवाचा कायदा त्याच परंपरेतून आला आहे, त्यामुळे वकिलाला हा आधार सांगावा. हेतू कागदावर आणायचा तर रोजनिशी ठेवावी. सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, स्पीकरचं तोंड कुठे, आणि पलीकडच्या घरात कोणी होतं का. माझ्या रोजनिशीतल्या सगळ्यात कामाच्या नोंदी या शेवटच्या रकान्यातल्या ठरल्या: पलीकडचं दार कुलूपबंद, आणि खळ्यात स्पीकर चालू. जे स्वतः ऐकत नाहीत ते कुणासाठी लावतात, हे न्यायाधीशांना वेगळं समजवावं लागत नाही. आम्ही मुंबईला गेलो की शांतता, परतलो की त्या संध्याकाळपासून पुन्हा सुरू, हाही नमुना नोंदवावा. ज्या दिवशी आवाज नव्हता तो दिवसही लिहावा, नाहीतर रोजनिशी बनावट वाटते.

रोजनिशीतून सण वगळावेत. शासनाला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ अशी सूट देता येते आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. शिमग्याचा ढोल, गणपतीतली भजनं, देवळातलं दशावतार यांची तक्रार शेजाऱ्याच्या तक्रारीत मिसळली की गाव तुमच्या विरोधात जातं, आणि साक्षीदार तर गावातूनच मिळायचे असतात.

चित्रीकरणाबद्दल एक तांत्रिक गोष्ट. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे फोनमधल्या फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं, भाग ‘अ’ तुमचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही येते, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फाइल दाबून लहान होते आणि हॅश बदलते. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्यावी.

पोलिसांकडे जाताना ११२ वर फोन करावाच, कारण त्याची नोंद राहते, पण त्यावर थांबू नये. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज, आवक क्रमांकासह पोच. ठाण्यात सहसा अदखलपात्र नोंद करून हातात प्रत देतात. सार्वजनिक उपद्रवाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली दंड हजार रुपयांपर्यंतच आहे, तेव्हा त्याची भीती कुणाला वाटत नाही. खरी सावधगिरी पुढची: दोन्हीकडून अर्ज आले की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेणारी कारवाई, होते. म्हणून आपल्या बाजूने उलट स्पीकर लावणं, वायर तोडणं, गडग्यावर जाऊन शिव्या देणं कटाक्षाने टाळावं. ठाण्यात हललं नाही तर पोलीस अधीक्षकांना अर्ज करावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३८ खाली त्यांना आवाज थांबवण्याचा लेखी आदेश काढता येतो, आणि त्यासाठी आजूबाजूला राहणाऱ्या व्यक्तींना होणारा त्रास पुरतो, अख्ख्या गावाला त्रास असायची अट नाही. ध्वनिवर्धकांच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करावी, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. शहरात त्याचा उपयोग होत असेल. चार घरांच्या वाडीत तक्रार कुणाची हे सांगावं लागत नाही.

प्रांताकडे त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ चा अर्ज तेव्हाच करावा जेव्हा तीन-चार घरांना त्रास आहे. ते कलम सार्वजनिक उपद्रवासाठी आहे; एकाच घराची तक्रार असेल तर अर्ज ‘दिवाणी स्वरूपाचा वाद’ म्हणून निकाली निघतो. भावकीत सह्या मिळणं कठीण, ‘तुमच्या दोघांच्यात आम्ही कशाला’ म्हणतात. तंटामुक्ती समितीसमोर मात्र एकदा जाऊन यावं. तडजोड झाली नाही तरी इतिवृत्तात नोंद होते, आणि पोलीस पाटील तिथे बसलेले असतात.

आम्हाला फळ मिळालं ते तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. कायम मनाईचा दावा आणि त्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा निशाणी ५ चा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली. सोबत घरपट्टीचा उतारा, सातबारा, पोलिसांच्या पोचा, रोजनिशी, डॉक्टरांचे कागद आणि गडग्यापासून खिडकीपर्यंतचं अंतर लिहिलेला हातनकाशा. दाव्यात हद्दीचा वाद अजिबात घालू नये. ‘गडगा आमच्या जागेत आहे’ एवढं वाक्य आलं की जमिनीची मोजणी, कोर्ट कमिशनर आणि वर्षानुवर्षं. आवाजापुरता दावा, मालकीचं दुसरीकडे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

मागणी कशी लिहिता यावर हुकमाची ताकद ठरते. ‘प्रतिवादीने त्रास देऊ नये’ असा हुकूम मिळाला तरी तो मोडला की नाही हे ठरवता येत नाही. मागणी अशी हवी: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनियंत्रणा लावू नये, दिवसा हद्दीवर ६० डेसिबलपेक्षा जास्त जाऊ नये, आणि स्पीकर वादीच्या घराकडे तोंड करून ठेवू नये. तिसरी मागणी वकिलांना क्षुल्लक वाटते. तिचा भंग एका फोटोत दिसतो, म्हणून ती सोडू नये.

हुकूम झाला की प्रमाणित नकला काढून एक पोलीस ठाण्यात पोच घेऊन द्यावी. भंग झाला तर त्याच न्यायालयात आदेश ३९ नियम २-अ चा अर्ज. त्यात मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. यंत्रणा दखलच घेत नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जायचं आहे. रायगडकरांना अजून मुंबईच.