खाजनाचे बांध आणि तांबडी सुर्लाचं रान : गोव्यातली दोन दिवसांची सायकलवारी

माउंटन बाइकचे रुंद टायर उड्या मारायलाच हवेत असं नाही. चिखलमातीचा बांध, पालापाचोळ्याची पायवाट, जांभ्या दगडाची खडबडीत पाणंद, अशा ठिकाणी हळू जायलाही ते तितकेच उपयोगी पडतात, आणि गोव्यात अशा वाटा भरपूर आहेत. समुद्रकिनारा सोडून मांडवी नदीच्या आत शिरलं की बेटं, खारफुटी आणि खाजन (बांध घालून राखलेली नदीकाठची जमीन) लागते. पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी गेलं की सावलीचं रान. नोव्हेंबरअखेरीस मी, माझी बहीण आणि कोल्हापूरहून आलेले भावोजी असे तिघं या दोन्ही भागांत फिरलो. भावोजी बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसले होते, तरी त्यांना कुठे जड गेलं नाही. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी करमळी स्थानकापासून सुरुवात केली. कोकण रेल्वेनं येणाऱ्यांना हे स्थानक फार सोयीचं. बाहेर पडलं की करमळीचं तळं, हिवाळ्यात पाखरांनी भरलेलं, आणि जुन्या गोव्याचा फेरीधक्का जेमतेम अडीच-तीन किलोमीटरवर. चर्चच्या आवारांमधून उतरत गेलं की व्हाइसरॉयची कमान लागते. ती मूळची १५९९ची. कमानीखालून पुढे गेलं की थेट नदी आणि पलीकडे दिवाडी बेट.

फेरीबोटीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवख्या सायकलस्वाराची धांदल इथेच उडते. बोट लागली की आधी गाड्या उतरतात, मग चढतात. आपण कडेला थांबावं आणि सायकल हातात धरूनच चढावं. धक्क्याचा उतार ओहोटीच्या वेळी उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं, आणि बोटीची लोखंडी फळी ओली असली की टायर सरकतो. बहिणीची सायकल तिथे अशी घसरली की मागच्या स्कूटरवाल्या काकांनी कॅरिअर पकडून सावरली. दिवाडीच्या साध्या फेरीत सायकलीला पैसे पडत नाहीत. चोडण बेटाच्या मार्गावर २०२५पासून मोठ्या रो-रो बोटीही आहेत, त्यांचा हिशेब वेगळा, म्हणून सुटे पैसे खिशात असू द्या.

दिवाडीला उतरलं की सरळ, सपाट रस्ता दोन्हीकडच्या खाजनांमधून पिएदाद गावाकडे जातो. सकाळी साडेसातला आम्ही तिथे होतो. समोरून पोदेर, म्हणजे पाववाला, आला, सायकलच्या मागे भली मोठी टोपली आणि हँडलला रबरी भोंगा. गरम पोय (गोव्याचा गोल पाव) घेतली, रस्त्याच्या कडेला उभं राहून खाल्ली. पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चचा चढ छोटा आहे. खालच्या गिअरवर सहज जातो, नाही गेला तर उतरून चालावं. वरून मांडवीचे फाटे आणि शेतं एकत्र दिसतात, आणि आपण ज्या बांधांवरून जाणार ते इथूनच डोळ्यांत भरून घेता येतात.

आता बांधांविषयी. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली जमीन. बाहेरचा बांध चिखल, पेंढा आणि जांभ्याचे दगड यांनी घडवलेला. जागोजागी मानस, म्हणजे पाण्याचं दार. त्याच्या लाकडी झडपा पाणीच उघडतं आणि पाणीच मिटतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोरानं झडपा बाहेर ढकलल्या जातात आणि शेतातलं पाणी नदीत जातं. भरती चढली की नदीचं पाणी त्यांना मिटवून टाकतं. आम्ही एका मानशीपाशी बराच वेळ बसलो. पाणी ओसरत होतं, झडपांमधून गढूळ धार सुटली होती, आणि बाहेरच्या चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत होत्या. एकच नांगी मोठी असलेले ते छोटे रंगीत खेकडे आपापल्या बिळाच्या तोंडाशी ती नांगी वरखाली हलवत होते. आपण हललो की सगळे एकदम आत, आणि मिनिटभर स्तब्ध राहिलं की पुन्हा बाहेर.

या जमिनीत पावसाळ्यात कोरगुट भात होतं, खारट माती सोसणारं. कापणी होऊन गेली की बांध सुकू लागतात, आणि सायकलसाठी तीच वेळ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाऊ नका. बांध आतून ओला असतो, चाकाची चरी पडते, चरीत पाणी मुरतं आणि पुढे तिथेच भगदाड पडतं. एका बांधावर आम्हाला एक आजोबा भेटले, खांद्यावर फावडं. "सायकल मात्शी ल्हवू व्हरात, बांद अजून मोव आसा," म्हणाले, म्हणजे सायकल जरा हळू न्या, बांध अजून मऊ आहे. मग तेवढा पट्टा आम्ही उतरून, सायकली हातात धरून, एकामागे एक चाललो. हे बांध कुणीतरी दरवर्षी हातानं बुजवतं, कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) आणि कूळ शेतकऱ्यांच्या जबाबदारीवर ते उभे आहेत. बांधावर ब्रेक दाबून चाक घासत नेणं, पावसाळ्यात त्यावर चढणं, मानशीच्या फळ्यांवरून सायकल चालवणं, हे कृपा करून कुणी करू नये. गावात विचारून जावं. आम्हाला कुणीही नाही म्हटलं नाही, आणि विचारल्यामुळेच कुठला बांध पुढे फुटलेला आहे तेही कळलं.

भरतीचा अंदाज घेऊन निघालं तर बरं. कोकणातला जुना हिशेब इथे चालतो: तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सकाळी अकरा-सव्वाअकरा, अष्टमीला सहाच्या आसपास. नदीत आत गेलं की थोडा उशीर धरायचा. उधाणाच्या दिवशी ऐन भरतीला बाहेरच्या बांधाच्या खालच्या जागी पाणी येऊ शकतं, तेव्हा तिकडे जाऊ नये. पाखरं आणि चिखलातली जनावरं पाहायची तर ओहोटीच हवी.

दिवाडीच्या उत्तर टोकाला दुसरी फेरी मिळते, नार्व्याची. पलीकडे उतरून थोडं गेलं की श्री सप्तकोटेश्वराचं देऊळ. कदंब राजांचं हे दैवत मूळचं दिवाडीवरचं. तिथलं देऊळ पोर्तुगीज काळात पाडलं गेल्यावर देव नदीपलीकडे आला, आणि आजच्या देवळाची उभारणी १६६८मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करवली. अलीकडे त्याचं जतनाचं काम झालं आहे. फेरीतून नदी ओलांडून इथे आल्यावर तो सगळा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि बहीण नि मी गाभाऱ्यासमोर बराच वेळ नुसत्या बसून राहिलो. देवळात जायचं म्हणून तोकड्या सायकल-पँटवर घालायला एक हलकी विजार आणि अंगावर घ्यायला पंचा पिशवीत ठेवावा.

नार्व्याहून मयेमार्गे चोडणकडे डांबरी रस्ता आहे, थोडा चढउताराचा, माडा-पोफळीच्या सावलीचा. डिचोली तालुक्याच्या या बाजूला खनिजाच्या ट्रकांची वर्दळ असू शकते, तेव्हा मोठा रस्ता टाळून वाड्यांमधल्या वाटा धरा. मयेनंतर पूल ओलांडला की चोडण बेट.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, पण सगळं खारफुटीचं. आत सायकल नेता येत नाही. तिकीट काढून, सायकलींना कुलूप लावून, चालतच जायचं. चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांची गर्दी, वरती खंड्या, बगळे, घार. दुपारी अकराच्या पुढे पाखरं फारशी दिसली नाहीत. पाखरांसाठीच जायचं असेल तर हा फेरा उलटा करा: सकाळी रायबंदरहून चोडण, आणि शेवट दिवाडीला. आम्ही चोडणहून फेरीनं रायबंदरला आलो आणि नदीकाठच्या रस्त्यानं जुन्या गोव्याला परतलो. सगळा फेरा पंचवीस-तीस किलोमीटरचा. बसत, खात, पाहत गेलं तर दिवस जातो.

दुसरा दिवस रानाचा. मोलेपर्यंत सायकली गाडीत टाकून गेलो, कारण अनमोड घाटाच्या महामार्गावर अवजड वाहनं फार आणि तिथे सायकल चालवण्यात काही सुख नाही. रेल्वेनं आलात तर कुळे स्थानकाहून मोले पाच-सहा किलोमीटर. मोलेहून तांबडी सुर्लापर्यंत बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता, बहुतेक सावलीतून. किंदळ, ऐन, नाणा असे मोठे वृक्ष, मध्येच बागायतीचे तुकडे आणि ओहोळ. चढ आहेत पण छोटे, आणि सकाळच्या गारव्यात जाणवतही नाहीत. भावोजींना हा दिवस नदीकाठापेक्षा जास्त आवडला, मला नदीकाठच.

शेवटी महादेवाचं देऊळ. कदंबकालीन, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसॉल्टचं. आजूबाजूला सगळा जांभा असताना हा दगड उठून दिसतो. मंडपाच्या छतावरचं कमळ मान वर करून नीट पाहा. शेजारून ओहोळ वाहतो, तिथे पाय सोडून बसायला जागा आहे.

हा भाग भगवान महावीर अभयारण्याच्या सान्निध्यात येतो. डांबरी रस्त्यावरून सायकल न्यायला अडचण नाही, पण आत फुटलेल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. गवा पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर येतो. दिसला तर थांबावं, घंटी वाजवू नये, तो गेला की मग निघावं. पावसाळ्यात जळवा असतात. जानेवारी ते मे या महिन्यांत, विशेषतः सत्तरी तालुक्याच्या रानांत, माकडतापाचा विचार करायला हवा. तो गोचिडीमुळे होतो, म्हणून पाचोळ्यावर अंग टाकू नका, लांब मोजे घाला आणि परतल्यावर अंग नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा.

सायकलीबद्दल. पुढे सस्पेन्शन असलेली साधी माउंटन बाइक पुरते, दोन्हीकडच्या सस्पेन्शनचा इथे काही उपयोग नाही. टायर दोन इंचांच्या आसपास. डांबरावर हवा चाळीस पीएसआय ठेवली होती, बांधावर तीसपर्यंत उतरवली, आणि पकड लगेच सुधारली. त्याहून खाली नेलं तर ट्यूब दगडावर चिमटते. भाड्यानं घेणार असाल तर दुकानातच दोन्ही ब्रेक करकचून दाबून पाहा, गिअर सगळे बदलून पाहा, सीट आपल्या उंचीला लावून घ्या. जास्तीची ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि पंप सोबत हवाच. बेटावर पंक्चरचं दुकान शोधत फिरावं लागू शकतं, आणि कुंपणाच्या काट्यानं भावोजींचं मागचं चाक बसलंच. खाऱ्या चिखलातून आलात तर त्याच संध्याकाळी सायकल गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, चेनला तेल द्या. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी चेनवर तांबूस गंज दिसेल.

माणशी दोन लिटर पाणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्चपासून दहानंतरचं ऊन सोसवत नाही. तांबडी सुर्लाच्या रस्त्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. जेवण मोल्याला परतून केलं: भात, हुमण (माशाची आमटी), सोलकढी. रविवारी बेटावरची छोटी हॉटेलं बंद असू शकतात, तेव्हा दिवाडीचा फेरा शनिवारी किंवा आठवड्यात मधेच ठेवा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरामची तुफान गर्दी असते, त्या दिवशी सायकल घरीच राहू दे.