पिवळीचं फ्री फ्लाइट: आता काम उंचावरून खाली उतरण्याचं

पिवळी म्हणजे माझी सन कोन्यूर, पिवळ्या-केशरी रंगाचा छोटा पोपट, आणि तिला मी बाहेर मोकळं उडवते, त्यालाच फ्री फ्लाइट म्हणतात. सपाट मैदानावरचा तिचा रिकॉल, म्हणजे बोलावल्यावर परत येणं, आता पक्का झालाय, शिटी वाजली की पार पलीकडच्या टोकावरून सरळ हातावर येते, त्यामुळे त्याबद्दल ह्यावेळी फार लिहीत नाही. ह्यावेळचं सगळं उतरण्याबद्दल आहे, कारण माझं आता ठाम मत झालंय की बाहेर उडवलेला पोपट हरवतो तेव्हा बरेचदा त्याला पळून वगैरे जायचं नसतं, तो आपल्याला बघत असतो, हाकेला ओ पण देत असतो, पण एवढ्या उंचावरून खाली कसं यायचं तेच त्याला येत नसतं.

विचार करा ना, घरात वाढलेला पक्षी उडतो कुठे, तर कपाटावरून पडद्याच्या दांडीवर आणि तिथून आपल्या खांद्यावर. सगळं जवळपास एकाच पातळीवर. वर चढायला ताकद लागते आणि ती व्यायामाने येते, पण खाली यायला कसब लागतं. नाक खाली केलं की वेग वाढतो आणि तो वेग मारायचा कसा, शेपूट कधी पसरायची, अंग कधी उभं करायचं, पाय कधी पुढे काढायचे हे सगळं शिकावं लागतं. जंगलातलं पिल्लू हे घरट्यातून बाहेर पडल्यावर थव्याच्या मागे उडत उडत शिकतं. सन कोन्यूरची पिल्लं साधारण ८ आठवड्यांच्या आसपास उडायला लागतात आणि तेच शिकायचं खरं वय, म्हणून अनुभवी लोक नवशिक्यांना कायम सांगतात की सुरुवात लहान पिल्लापासूनच करा.

मध्ये पिवळी एका खूप उंच झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसली. फांदीच्या अगदी टोकाला यायची, अंग आडवं करायची, पंख अर्धे उचलायची, मान वरखाली, आणि सारखी ओरडत होती. मग सुटायची, माझ्या डोक्यावरून भरपूर उंचावरून एक गोल मारायची आणि परत त्याच फांदीवर. अशावेळी झाडाच्या बुंध्याशी उभं राहून हाका मारण्यात काही अर्थ नसतो, तिला जवळजवळ सरळ खाली यावं लागतं आणि ते सगळ्यात अवघड. मी मागे मागे सरकत चांगली लांब गेले, म्हणजे तिच्यासाठी उतार सौम्य झाला, आणि वारा माझ्या पाठीवर येईल अशी उभी राहिले. म्हणजे तिला माझ्याकडे येताना समोरून वारा मिळतो, वेग आपोआप कमी होतो. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात, मागून वारा असेल तर तेवढा वेग वाढतो आणि हात चुकतो. पुढच्या गोलात ती वळली आणि आली.

त्यानंतर रीतसर उतरण्याचं ट्रेनिंग सुरू केलं. आधी जिना, धाकटा भाऊ वरच्या पायरीवर तिला हातावर घेऊन आणि मी खाली. मग मोकळी टेकडी. अंतर तेवढंच ठेवायचं आणि चढ फक्त थोडा थोडा वाढवायचा, दोन्ही एकदम वाढवायचं नाही. सुरुवातीला भाऊ वरून ओरडायचा, ताई, ही खाली बघतेय पण हात सोडत नाहीये. मग आम्ही एक टप्पा कमी करायचो, ढकलून किंवा झटकून उडवायचं नाही हा आमचा नियमच आहे. आता ती मधल्या चढावरून मस्त येते. मी अगदी जवळून बघितलंय, हाताच्या वीतभर आधी शेपटीची सगळी पिसं उघडतात, अंग उभं होतं, दोनतीन जोरात फटके समोरच्या दिशेने, त्याची हवा मनगटाला लागते आणि मग पाय टेकतात. जास्त तीव्र चढावर तिने आपणहून नवीन काढलंय, ती गळणाऱ्या पानासारखी डावीउजवीकडे कलत उंची कमी करते. हे मी शिकवलेलं नाही, शिकवता येणारही नाही, आपण फक्त जागा बरोबर निवडायची.

वजनाबद्दल. सकाळी उपाशीपोटी ११४ ग्रॅम आणि ते मी खाली आणत नाही. उपाशी ठेवून रिकॉल मिळवायचा प्रकार मला पटत नाही. सकाळच्या खाण्याच्या आधी उडवायचं आणि सूर्यफुलाच्या बिया फक्त बाहेरच द्यायच्या, एवढ्याने भागतं. सकाळी उडवण्याचा दुसरा फायदा म्हणजे काही झालंच तर शोधायला अख्खा दिवस हातात असतो, संध्याकाळी अंधार पडला की पक्षी जिथे असेल तिथे गप्प बसून राहतो. आणि घाबरून उडालेला पक्षी आधी वारा वाहतो त्या दिशेने शोधायचा.

पक्षी कुठे आहे ते दाखवणारा ट्रॅकर मी तिच्या अंगावर लावत नाही. पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत वजन हवं असं धरलं तर पिवळीसाठी ते साडेतीन ग्रॅमच्याही आत येतं, मकॉसारखे मोठे पोपट पाळणाऱ्यांचं गणित वेगळं. लांब दोरी बांधून उडवणं तर मला अजिबात मान्य नाही, फांदीत अडकली की पाय आणि पंख दोन्ही जातात. त्यापेक्षा उडवायच्या आधी थोडा वेळ नुसतं आकाश बघा आणि कावळ्यांचं ऐका, ते एका जागी जमून कलकलाट करत असतील तर जवळ शिकारी पक्षी आहे समजायचं आणि त्या दिवशी घरी जायचं.

माझा दुसरा पोपट राजा, त्याला मोकळं उडवत नाही का, हे बरेच जण विचारतात. तो आफ्रिकन ग्रे माझ्याकडे आला तेव्हा मोठा होता आणि पंख छाटलेले होते. पिसं मोल्टमध्ये, म्हणजे जुनी गळून नवी येतात तेव्हा, परत आली पण शिकायचं वय निघून गेलेलं, घरातसुद्धा वळताना तो अडखळतो. तो हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला पट्टा बांधून, बाहेर येतो, ऊन खातो, पिवळीला हाका मारतो आणि त्याचं तेवढंच राहणार. प्रत्येक पोपट मोकळा उडायलाच हवा असं मला वाटत नाही, त्याचा जीव जास्त महत्त्वाचा.

सध्या पिवळीचा मोल्ट चालू आहे, दोन्ही पंखांतली काही प्रायमरी, म्हणजे टोकाकडची उडायची लांब पिसं गळलीयत आणि नवी अर्धवट आलीयत, त्यांच्या देठात अजून रक्त आहे, त्यामुळे आदळआपट नको. ती पूर्ण येईपर्यंत फक्त घरातला जिना. नंतर त्याच टेकडीवर वाऱ्यातलं काम घेणार, आधी हलकी झुळूक असलेल्या सकाळी सौम्य उतारावर, आणि ते जमलं की मगच आडव्या वाऱ्यात.