ब्रोशरच्या मागचा हिशेब

2025 मध्ये आयकर रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरपर्यंत वाढली होती. मुदत संपायच्या आठवड्यात एक बाप-लेक माझ्या पुण्यातल्या ऑफिसात आले. मुलगा आयटीत, पगार 18 लाख. वडील, म्हणजे काका, निवृत्त. हिंजवडीजवळचा 60 लाखांचा फ्लॅट डिसेंबर 2020 मध्ये मुलाच्या नावावर घेतलेला, भाड्याने द्यायलाच. कर्ज 48 लाख. वरचे 12 लाख काकांच्या प्रॉव्हिडंट फंडातले.

काकांनी पिशवीतून बिल्डरचं ब्रोशर काढलं. मागे एजंटने पेनाने लिहिलं होतं : हप्ता 36,900, वजा भाडं 18,000, वजा टॅक्स बचत 5,200. खिशातून जाणार 13,700.

"ताई, यातले 5,200 कुठे गेले तेवढं सांगा," काका म्हणाले.

त्या दिवसापुरता एजंटचा हिशेब खोटा नव्हता. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 4 टक्के होता, गृहकर्ज 6.9 टक्क्यांनी मिळत होतं आणि मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत 3 टक्क्यांनी कमी होतं, म्हणजे यांचे 1 लाख 80 हजार वाचले. मग मे 2022 पासून फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो 6.5 वर गेला. यांचं कर्ज 9.4 टक्क्यांवर पोहोचलं, हप्ता 41,000 झाला, वर मुदतही साडेचार वर्षांनी लांबली. वर्षभरात 4 लाख 92 हजार भरले, त्यातलं 4 लाख 20 हजार नुसतं व्याज.

मी कागद ओढला. वर्षाचं भाडं 2,16,000. त्यातून घरपट्टी 12,000 गेली, उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट. राहिले 1,42,800. त्यातून व्याज वजा केलं की 2,77,200 चा तोटा. वजावटी मिळणाऱ्या जुन्या करप्रणालीत यातले फक्त 2 लाख पगारातून वजा होतात (2017 च्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा घातली), बाकीचे पुढच्या आठ वर्षांत फक्त घराच्याच उत्पन्नातून. 2 लाखांवर वाचणारा कर 62,400, महिन्याला 5,200. हाच तो एजंटचा आकडा. कमी दरांच्या, पण बहुतेक वजावटी नसलेल्या नव्या प्रणालीत मात्र घराचा तोटा पगारातून वजा होतच नाही.

"मग जुनीच घेऊ," मुलगा म्हणाला. मी दोन्हीकडे हिशेब केला. 80 सी (बचत, कर्जाची मुद्दल वगैरेंवरची वजावट), आरोग्य विमा, हे 2 लाख, सगळं धरूनही जुन्यात कर 2,34,000. पगारदारांच्या सरसकट वजावटीखेरीज काहीही न धरता नव्यात 2,15,800.

काका बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. मर्यादा घालणं मला आजही चूक वाटत नाही. ज्याला दुसरं घर परवडतं त्याच्या तोट्याचा भार सरकारने किती उचलायचा, याला कुठे तरी थांबा हवाच. पण वीस वर्षांच्या कर्जाचं गणित एका महिन्याच्या दरांवर आणि सवलतींवर मांडून निवृत्त माणसाची पुंजी त्यात घालायला लावणं, याचा मला मनापासून राग येतो.

"विकूनच टाकतो," मुलगा म्हणाला. 72 लाखांचं गिऱ्हाईक होतं. भांडवली नफ्याची भीती नव्हती. खरेदी 23 जुलै 2024 च्या आधीची, त्यामुळे खरेदीची किंमत महागाई निर्देशांकानुसार वाढवून धरायचा पर्याय शिल्लक होता. निर्देशांक 301 वरून 376 झालेला, म्हणजे 60 लाखांचे जवळपास 75 लाख धरले जातात, नफा शून्य. अडचण वेगळीच होती. ताबा मिळाला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर 80 सीखाली घेतलेली मुद्दल आणि मुद्रांक शुल्काची वजावट उत्पन्नात परत येते. ती पाच वर्षं 31 मार्च 2026 ला भरत होती.

"एप्रिलपर्यंत थांबा," मी म्हटलं. "तोवर हातात येईल ते मुद्दलीत भरा. व्याजदर बदलता आहे, आधी फेडल्याचा दंड लागत नाही."

रिटर्न नव्या प्रणालीत भरलं. उठताना काकांनी ब्रोशर माझ्यापुढे सरकवलं. "ताई, खरा आकडा याच्यावरच लिहून द्या."

41,000 हप्ता, 3,000 मेंटेनन्स, 1,000 घरपट्टी, वजा भाडं 18,000. मी 13,700 च्या खाली 27,000 लिहिलं.