पणजीबाईंनी दुसरं लग्न का केलं नाही?

ओहायोतल्या माझ्या सासरची जुनी कागदपत्रं मी गोळा करते, हे आता नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक झालंय. सासूबाईंच्या पणजीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "अगं, अमेरिकेतली ना ती? ऐन तिशीत विधवा झाली, मग दुसरं लग्न का नाही केलं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

तिला ते परवडणारं नव्हतं.

नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात साधा शिपाई. 1863 मध्ये विक्सबर्गच्या वेढ्यात हगवणीनं गेला. (त्या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगांनीच जास्त माणसं नेली.) मागे तीन पोरं, धाकटा दोन वर्षांचा. शेत नवऱ्याच्या नावावर. कायद्यानं तिला त्यातल्या एक तृतीयांशाचं उत्पन्न, तेही हयातीपुरतं, मालकी मुलांची. आणि मुलांच्या हिश्श्याचा पालक म्हणून कोर्टानं नेमलं दिराला, आई धडधाकट समोर उभी असताना! घरातल्या चीजवस्तूंची यादी करायला शेजारचेच तिघे आले. नांगर, दोन डुकरिणी, मधाच्या पेट्या, सगळ्याला किंमत लावलीय. चूल, चरखा आणि बायबल तेवढं तिला सोडलं. पुढे लिलावात तिनं स्वतःच्याच घरातली किटली पैसे मोजून घेतली, ती नोंद वाचून मला आजही चीड येते.

राहता राहिलं पेन्शन. 1862 च्या कायद्यानं शिपायाच्या विधवेला महिना 8 डॉलर, आणि 1866 पासून सोळाच्या आतल्या प्रत्येक मुलामागे आणखी 2. म्हणजे हिला 14. त्यासाठी लग्न झाल्याचा पुरावा हवा, पोरं त्याचीच असल्याचा हवा. सुईणीनं शपथेवर जबानी दिली. बायबलात जन्मतारखा लिहिलेलं पान फाडून वॉशिंग्टनला पाठवलं गेलं, ते आजही तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात तिच्या फायलीला लावलेलं आहे. पहिल्या दोन मुलांची नावं एका हातची, तिसऱ्याचं वेगळ्याच शाईत, घाईघाईत. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं. अर्जावर सहीच्या जागी फुली आहे.

दुसरं लग्न केलं की तिचं पेन्शन बंद. मुलं सोळाची होईपर्यंत त्यांच्या नावानं पैसे आले असते, पण पालकाच्या, म्हणजे दिराच्या हाती. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, हे कोर्टाच्या कागदांतून लपत नाही.

इथे मावशी म्हणते, "पण तिकडे वाळीत तर टाकत नव्हते!" खरंय. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा मुरूडकरांनी काय केलं ते आपल्याला माहीत आहे. तसलं काही तिच्या वाट्याला आलं नसतं. पण आपल्याकडच्या 1856 च्या पुनर्विवाह कायद्यातही लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला, असं कलम होतंच की.

आता गड्याबद्दल. 1870 च्या जनगणनेत तिच्या घरात एक शेतमजूर दिसतो. 1880 मध्ये ती कुटुंबप्रमुख, तो शेतमजूरच. 1890 च्या नोंदी 1921 मधल्या आगीपायी गेल्या. 1900 मध्ये पाहावं तर हा बाबा अजून तिथेच. मधे 1882 मध्ये नवा कायदा आला: विधवा लग्नाशिवाय कुणाबरोबर उघडपणे राहत असेल तर पेन्शन रद्द. लगेच कुणीतरी चुगली केली आणि तपासनीस दारात हजर. शेजारणीनं सांगितलं, तो गोठ्याच्या माळ्यावर झोपतो. आणि थंडीत? थंडीत स्वयंपाकघरात, चुलीपाशी. ओहायोतली जानेवारी मी काढलेली आहे, त्यामुळे त्या माळ्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तपासनिसाचा बसला. पेन्शन चालू राहिलं, 1886 मध्ये सगळ्याच विधवांबरोबर 12 डॉलरही झालं.

तीस वर्षांत त्या माणसाला मजुरी दिल्याची एकही नोंद मला सापडली नाही. तिच्या मृत्युपत्रात मात्र त्याच्यासाठी दोन गोष्टी आहेत: तांबडी गाय आणि पिसांची गादी.

सासूबाईंना हे दाखवलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हातारा झाला होता बिचारा. पाठ दुखत असेल."