‘अं’ची नोंदवही

आमच्या वक्तृत्व क्लबाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते कुणाला द्यायचं हे ठरत असताना मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर टाळ्या चालू. आमच्याकडे कशालाही टाळ्या वाजतात, त्यामुळे मीही वाजवल्या.

साधनं म्हणून जुन्या वह्या मिळाल्या. त्यांत कोण काय बोललं हे जवळजवळ नाहीच. आहे ते किती वेळ बोललं आणि किती वेळा अडखळलं. टोस्टमास्टर्स म्हणजे चारचौघांत बोलायला शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या पद्धतीच्या क्लबात एक जण घड्याळ लावून बसतो. पाच मिनिटांना हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. दुसरा ‘आह काउंटर’, म्हणजे बोलणाऱ्याचे ‘अं’ मोजणारा. माझ्या पहिल्या भाषणाची नोंद सापडली: ‘अं’ 21, ‘म्हणजे’ 14, वेळ 1 मिनिट 50 सेकंद. हिशेब केला, दर तीन सेकंदांना एक ठेच. त्या ‘आइसब्रेकर’ला किमान चार मिनिटं बोलायचं असतं. मला हिरवा दिवा दिसलाच नाही.

आपल्या घराण्याचा मूळ पुरुष शोधावा तसा मग मी राल्फ स्मेडलीपर्यंत गेलो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनच्या वायएमसीएत, म्हणजे तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेत, हा गृहस्थ नोकरीला होता. तिथल्या तरुणांना चारचौघांत बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही, हे पाहून त्यानं 1905 मध्ये क्लब काढला. मेजवानीत कुणाच्या नावानं पेला उंचावायचा, कुणी बोलायचं, हे सांभाळणारा तो टोस्टमास्टर. नाव तिथून आलं. (ब्रेडशी संबंध नाही. हे मी दर नव्या पाहुण्याला सांगतो आणि तो दर वेळी थोडा खट्टू होतो.) गंमत अशी की स्मेडलीची बदली झाली की मागे क्लब विझायचा. पुन्हा नवं गाव, नवा क्लब. अखेर 22 ऑक्टोबर 1924 ला कॅलिफोर्नियातल्या सांता आनात लावलेलं रोप जगलं. म्हणजे क्लब चालवणाऱ्यालाही पहिली वीसेक वर्षं अडखळावंच लागलं होतं. वाचून मला माझे एकवीस ‘अं’ जरा हलके वाटले.

पण मला अडकवून ठेवलं ते हेलन ब्लँचर्डनं. बोलायला शिकवणाऱ्या या संस्थेत 1973 पर्यंत बायकांना सदस्यत्वच नव्हतं. आवाज मिळवून द्यायचा, पण अर्ध्याच जगाला! हेलनबाई 1970 मध्ये आत आल्या त्या कागदावर ‘होमर’ हे पुरुषी नाव लावून. 1985 मध्ये त्याच बाई संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. नावनोंदणीच्या फॉर्मवर इतकं नेमकं भाषण दुसऱ्या कुणी केलं नसेल.

आमच्या वह्यांत असं काही नाट्य नाही. तिथे आहेत गेलेली माणसं. आकडे लावून पाहिले तर एकेकाचे ‘अं’ अठरावरून बारा, बारावरून पाच, मग दोन होतात आणि पुढच्या पानावर नावच नाही. रुसून गेली म्हणावं तर तसंही नाही. बोलता यायला लागलं, मग बोलायला दुसऱ्या जागा मिळाल्या. आमच्यासारखे न सुधारलेले तेवढे दर आठवड्याला येऊन खुर्च्या मांडतात. एका सदस्याचे ‘अं’ मात्र सात वर्षं नऊवरच टिकून आहेत. क्लब चालू आहे तो त्यांच्यामुळे.

हा इतिहास सभेत वाचून दाखवायचा आहे, आणि त्यालाही तेच दिवे लागू. सात मिनिटं, वर अर्ध्या मिनिटाची सवलत. घरी मोठ्यानं वाचून पाहिला तर साडेनऊ भरली. आजवरच्या अध्यक्षांची यादी काढून टाकली. होमर राहू दिला.